डबीर, कबीरातला बीर

फोनवर आडनाव सांगायची वेळ आली की माझा आवाज आपोआप चढतो. "डबीर. ड डमरूतला, पुढे कबीरातला बीर." पलीकडून उत्तर येतं, "बरं, कबीर." शाळेत डब्यावरून जेवढे विनोद शक्य होते, तेवढे पोरांनी पाचवीतच संपवले होते.

आजोबांना अर्थ विचारला की ते ताठ बसायचे. "शिवाजी महाराजांचे परराष्ट्रमंत्री!" सोनोपंत डबिरांशी आमचा धागा जोडणारा एक कपटाही घरात नाही, पण आजोबांचं त्यावाचून कधी अडलं नाही. पदाचं म्हणाल तर ते खरंच. परराज्यांशी पत्रव्यवहार, वकिलांची ये-जा, हे सगळं डबिराकडे. १६६६ साली महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हा मागे पकडले गेले त्यांत त्रिंबकपंत डबीर होते. हे सांगताना आजोबांचा आवाज जरा ओला व्हायचा, जणू सख्खा काकाच अडकला होता.

१६७४ च्या राज्याभिषेकात पदांची फारसी नावं जाऊन संस्कृत आली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि डबिराचा सुमंत. सुमंत! केवढं सुटसुटीत. कुणी दोनदा विचारणार नाही. पण पद बदललं तरी घराण्यांना चिकटलेलं नाव सुटलं नाही, आणि आम्ही डमरू वाजवत बसलो.

खरी गंमत मला फार उशिरा कळली. परका म्हणून रजा मिळालेला हा शब्द त्याआधी जवळजवळ हजार वर्षं संस्कृतात येऊन बसलेला होता. गुजरातेतल्या वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत 'दिविरपति' नावाचा अधिकारी भेटतो. दिविर म्हणजे लेखनिक. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्र कवीने तर लाचखाऊ दिविरांची यथेच्छ टर उडवली आहे. (हे आजोबांच्या कानावर गेलं नाही, ते बरंच झालं.) दिविर आणि डबीर एकाच घरचे. त्यांच्या मुळाशी जुन्या इराणीतला 'दिपि', म्हणजे लेख. सम्राट अशोकाच्या इतर लेखांत जिथे 'लिपि' आहे, तिथे वायव्येकडच्या शाहबाजगढीच्या खडकावर 'दिपि' कोरलंय. म्हणजे ज्या लिपीत मी हे लिहितोय, ती नात्याने माझी कुणीतरी लागते.

इराणात आजही माध्यमिक शाळेतल्या मास्तरांना 'दबीर' म्हणतात. लखनौचे मर्सियाकार, म्हणजे उर्दू शोककाव्यं लिहिणारे, मिर्झा दबीर यांचं टोपणनावही हेच. दोन्हीकडे द. ड आपण केला.

परवा कुरियरवाला खालून ओरडला, "दबीर कौन है?" डमरू जिभेवर आलाच होता. तो गिळला आणि म्हटलं, "आलो."