लाल खडूची खोकी

30 जून 2017. मध्यरात्रीपासून जीएसटी लागणार, आणि आम्ही दुकानात नळ, कुलपं, कमोड मोजत बसलेलो. सांगलीतलं हार्डवेअर-सॅनिटरीचं दुकान, मी तिथला हिशेबनीस. पहाटेपर्यंत यादी झाली.

खरी डोकेदुखी पुढे होती. जीएसटीआधीच्या व्हॅटच्या काळात एक्साइजशी, म्हणजे कारखान्यात माल बनताना लागणाऱ्या केंद्राच्या कराशी, आमचा संबंधच नसे. कंपनी भरायची, ती मालाच्या किमतीत मुरलेली यायची आणि आम्ही तो सगळाच आकडा खरेदीला टाकायचो. आता म्हणे, शिल्लक मालातल्या त्या एक्साइजचं क्रेडिट, म्हणजे जीएसटी भरताना तेवढी वजावट, मिळणार. बारा महिन्यांच्या आतलं, एक्साइज भरल्याचं बिल असेल तर पूर्ण. पण आमची बहुतेक बिलं घाऊक व्यापाऱ्यांची, एक्साइजचा उल्लेखच नाही. अशा मालाला विक्रीवरच्या सीजीएसटीच्या, म्हणजे जीएसटीतल्या केंद्राच्या अर्ध्या वाट्याच्या, साठ टक्के (दर कमी असेल तर चाळीस), तेही माल विकल्यावर आणि सहाच महिने.

जी थोडी बिलं होती, त्यांचं क्रेडिट मी ट्रान-1 मध्ये, म्हणजे जुनं क्रेडिट जीएसटीत आणायच्या फॉर्ममध्ये, घेतलं आणि खूश झालो. सीएंनी ताळेबंद पाहून विचारलं, "स्टॉकच्या किमतीतून ही रक्कम काढलीत का?" नव्हती काढली. तोच पैसा मालाच्या किमतीतही होता आणि सरकारकडून येणं असलेल्या रकमेतही! पंधरा वर्षं 'खरेदी किंमत' म्हणून लिहिलेला आकडा फोडायला हात धजत नव्हता, खरं सांगतो. दोन रविवार त्यात गेले. ट्रान-1 ची मुदत वाढत वाढत 27 डिसेंबरपर्यंत गेली, म्हणून निभावलं.

बिलाविना असलेला माल वेगळा ओळखू यायला हवा, ही अट. म्हणून प्रत्येक खोक्यावर लाल खडूने फुली मारली. हजाराच्या कमोडवर अठ्ठावीस टक्क्यांनी सीजीएसटी 140, त्याचे 84 रुपये आमचे. 15 नोव्हेंबरला सॅनिटरीचा दर अठरावर आला. गिऱ्हाईक खूश, पण आमचे 84 चे 54 झाले.

"म्हणजे दर उतरला की आपलंच नुकसान?" शेठ म्हणाले.

"जुन्या मालावर, शेठ. नव्यावर नाही."

त्यांना ते काही पटलं नाही. डिसेंबर संपला तेव्हा फुलीची अकरा खोकी उरली होती, क्रेडिटविना. त्यातली दोन अजून माळ्यावर आहेत. शेठ त्यांना 'व्हॅटचा माल' म्हणतात आणि सूट द्यायला तयार होत नाहीत.