आमची वाटचाल: आधी कडं ठोका, मग खड्डा खणा

रेन गार्डन म्हणजे छपराचं, पार्किंगचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारा, झाडं लावलेला खड्डा. या धंद्यात आम्ही बुडता बुडता वाचलो, ते जिओटेक्स्टाइलच्या, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या कृत्रिम कापडाच्या, एका थरापायी. वरची वाळूमिश्रित माती आणि खालची खडी यांच्यामध्ये ते कापड अंथरायचं, अशी तेव्हा सर्रास रीत होती. पार्किंगचा बारीक गाळ खाली उतरला, कापडाची भोकं बुजली, पाणी चार-चार दिवस हलेना. मुळं कुजली, डास झाले, बिल अडकलं. सगळी माती पदरमोड करून उपसली. आता कापडाऐवजी ६ ते १० मिमी खडीचा १०० मिमी थर घालतो.

त्याच सुमारास एकाने निम्म्या दरात कामं पळवली. बागेची चिकट माती, वर फुलझाडं, झालं रेन गार्डन! सत्कारही त्याचेच. पुढे त्याच्या खड्ड्यांची डबकी झाली आणि लोक म्हणाले, ही पद्धतच फसवी. हे अजून सलतं.

पुढची वर्षं बरी गेली. पण त्या पडत्या काळात एका शाळेच्या व्यवस्थापिकाबाईंनी १०० चौरस मीटर छपराचं पाणी आमच्या हवाली केलं, ते विसरणार नाही. २५ मिमी पाऊस म्हणजे २,५०० लिटर. ८ चौरस मीटरच्या खड्ड्यात वर २०० मिमी पाणी थांबतं, म्हणजे १,६०० लिटर; खालच्या ६०० मिमी वाळू-मातीच्या मिश्रणात पाव भाग पोकळी धरली की आणखी १,२००. बसला हिशेब. पाणी आत येतं तिथला गाळ बाई अजूनही पावसाळ्याआधी न सांगता काढून घेतात.

आमचं खरं भांडवल म्हणजे ३०० मिमी व्यासाचं पोलादी कडं, हातोडा आणि स्टॉपवॉच. कडं ५० मिमी रुतवायचं, माती पुरती भिजेपर्यंत पाणी घालत राहायचं, मगच पाणी किती वेगाने मुरतं ते मोजायचं. कोरड्या मातीवरचा आकडा हमखास फुगलेला येतो.

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. जेसीबी खड्ड्यात उतरवू नका, काठावरून खणा. चाकांखाली तळ दाबला गेला की पाणी मुरत नाही. बकेटने चिकणमाती गुळगुळीत झाली असेल तर दाताळ्याने खरवडा. इमारतीचं काम संपल्याशिवाय मिश्रण भरूच नका, सिमेंटचं पाणी एकदा आत गेलं की सगळं उपसावं लागतं. आणि ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी बाहेर नेणारी वाट, हवाच. कोपनहेगनला २ जुलै २०११ रोजी काही भागांत दोन तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस कोसळला. एवढं पाणी कुठलाच खड्डा पोटात घेत नाही. ओव्हरफ्लोचं तोंड मातीपासून २०० मिमी वर ठेवा आणि त्यावर घुमटाकार जाळी लावा. सपाट जाळी पहिल्याच सरीत पाल्याने झाकली जाते.