तुम्ही विचारलंत म्हणून: तुरुंगातला माणूस खरंच बदलतो का?

आमच्या चर्चची मंडळी कारागृहात बंद्यांना भेटायला जातात हे कळले की बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: आत गेल्यावर देव सगळ्यांनाच आठवतो, मग त्यातले खरे किती आणि सुटकेसाठी घेतलेले सोंग किती?

सोंग असते, हे मी आधीच मान्य करते. नवा बंदी प्रार्थनेला बसतो तेव्हा त्याचे निम्मे लक्ष आमच्या ओळखीपाळखीकडे असते. साहेबांकडे शब्द टाकाल का, वकील बघून द्याल का, हे तो पहिल्याच भेटीत विचारतो. त्यात मला वावगे वाटत नाही, कारण देशातले सुमारे तीन चतुर्थांश बंदी न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही, आणि जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेल्या माणसाने देवाआधी वकिलाची चौकशी केली तर त्याला दोष कसा द्यायचा? माफीचे दिवस, म्हणजे शिक्षेतून कमी होणारे दिवस, काम आणि वर्तणूक पाहून मिळतात, बायबल वाचल्याबद्दल नव्हे, हे उमगल्यावर काही जण यायचे थांबतात. जे येत राहतात त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा त्यांच्या बोलण्याकडे माझे लक्ष असते. "माझ्या हातून घडलं", "त्यानं मला भरीस घातलं" असे वर्षानुवर्षे सांगणारा माणूस एखाद्या दिवशी "मी मारलं" एवढेच म्हणतो, आणि मग मेलेल्याच्या घरच्यांचे कसे चालले आहे ते विचारतो.

याहून भक्कम दाखला हवा असेल तर मी समुंदरसिंहाचा देते. मध्य प्रदेशातल्या उदयनगर परिसरातल्या गरिबांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया यांना त्याने २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये भोसकून ठार केले. त्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे कॅथलिक धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटत राहिले, आणि २००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास सिस्टर राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि ज्या हाताने बहिणीचा जीव घेतला त्याच हाताला तिने राखी बांधली. पुढे या कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी विनंती केली आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. सुटका पदरात पडल्यावर सोंगाची गरज उरत नाही. तरीही तो केरळातल्या पुल्लुवळीला जाऊन सिस्टरच्या वृद्ध आईवडिलांना भेटला.

अशी क्षमा प्रत्येक पीडित कुटुंबाने करावी, असे म्हणायचा अधिकार मला नाही, आणि आम्ही कोणाच्याही दारात ती मागायला जात नाही. ती राखी त्या बहिणीची होती. आमचे काम त्यापेक्षा पुष्कळ साधे आहे: भेटीचा वार न चुकवणे, पत्र लिहून देणे, वाचून दाखवणे, मुलाच्या शाळेत एक फेरी मारून येणे.

खरी कसोटी मात्र फाटकाबाहेर लागते. सुटलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत खोली आणि काम मिळाले नाही तर जुने साथीदार त्याला हमखास शोधून काढतात, आणि त्याला भाडेकरू म्हणून ठेवायला चर्चमधली भाविक माणसेसुद्धा कचरतात. तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्यांना मीही एक विचारते: तुमच्याकडे एखादी रिकामी खोली आहे का, किंवा कारखान्यात हाताखाली घेता येईल अशी एखादी जागा?