बाई, तुम्ही तर गणिताच्या!

पालकसभा असो, लग्नाची पंगत असो, नाहीतर एसटीत शेजारी बसलेली कुणी ओळखीची असो, मी नववीला कॉम्प्युटरही शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "पण बाई, तुम्ही तर गणिताच्या ना? मग कॉम्प्युटर कुठे शिकलात?" कुणाच्या आवाजात कौतुक असतं, कुणाच्या शंका. मध्यंतरी एका पालकांनी सरळच विचारलं, की मुलाला त्यापेक्षा तालुक्याला कोडिंगचा क्लास लावू का? प्रश्न रास्त आहे. एरवी मी "शिकले हळूहळू" म्हणून वेळ मारून नेते. तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगते.

प्रशिक्षणात शिकले नाही, हे आधी सांगून टाकते. प्रशिक्षणं झाली नाहीत असं नाही. एमएस-सीआयटी केलं, वेतनवाढ अडकू नये म्हणून. त्यामुळे एक्सेल आलं आणि निकालपत्रकाच्या आडव्या-उभ्या बेरजा जुळवत रात्री जागणं संपलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण यंत्राकडून बेरीज करून घेणं वेगळं आणि एखाद्या कामाचे टप्पे पाडून ते यंत्राला सांगायला मुलांना शिकवणं वेगळं. हा फरक आहे हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. मग एकदा तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. एक हॉल, साठेक शिक्षक, एक प्रोजेक्टर. पहिला दिवस संगणकाच्या पिढ्यांमध्ये गेला, दुसऱ्या दिवशी लाइट गेली, तिसऱ्या दिवशी जेवणानंतर लूप, म्हणजे यंत्राला तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणं, सुरू झाला. तो जरा कुठे डोक्यात शिरतोय तोवर अभिप्रायाचे फॉर्म वाटायला सुरुवात. प्रमाणपत्र फाइलला लागलं. सोमवारी वर्गात उभी राहिले तेव्हा अडलं तर विचारायचं कुणाला, हे त्या तीन दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं.

माझी खरी शिक्षिका होती तेवीस वर्षांची.

केंद्र सरकारची शाळांसाठीची आयसीटी, म्हणजे माहिती आणि संचार तंत्रज्ञानाची, योजना डिसेंबर 2004मध्ये सुरू झाली. त्यात बऱ्याच राज्यांनी एक सोपी वाट धरली. कंपनीला कंत्राट द्यायचं, कंपनीने संगणक बसवायचे, चालवायचे, शिकवायला माणूसही तिनेच द्यायचा, आणि मुदत संपली की यंत्रं शाळेच्या हवाली करून निघून जायचं. आमच्याकडेही अशीच दहा यंत्रं आली आणि त्यांच्याबरोबर ही मुलगी. बीएस्सी कॉम्प्युटर झालेली, शेजारच्या गावातून स्कूटीवर येणारी. मुलं मला 'बाई' म्हणतात, तिला 'मॅडम' म्हणायची. पगार तुटपुंजा, तोही कधी दोन-दोन महिने नाही. संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांत, संगणक शिक्षक असं पदच नाही, त्यामुळे शिक्षकांच्या बैठकीत तिला खुर्ची मिळायची पण बोलायची पाळी यायची नाही.

मी माझ्या ऑफ तासाला लॅबमध्ये जाऊन बसायला लागले ते, खरं सांगायचं तर, तिथला पंखा चांगला होता म्हणून. वह्या तपासता तपासता कान तिच्याकडे गेले. ती मुलांना 'चूक' हा शब्द वापरू देत नसे. 'एरर आली' म्हणायचं. आणि एरर आली की खोडायची नाही, आधी वहीत उतरवायची. तीन नंबरच्या कॉम्प्युटरला सुतळीने बांधलेली दोनशेपानी वही होती. डावीकडे पडद्यावर इंग्रजीत काय आलं ते जसंच्या तसं, उजवीकडे त्याचा मराठीत अर्थ आणि काय केल्यावर गेली ते. 'नेम एरर. प्रिंटचा पी मोठा काढला होता. छोटा केल्यावर ओळखलं.' मराठी माध्यमाच्या मुलांचं इंग्रजीचं भय त्या वहीने जितकं घालवलं तितकं आमच्या इंग्रजीच्या तासांनी घालवलं नसेल. (इंग्रजीचे सर हे वाचतीलच, त्यांनी रागावू नये.)

मुदत संपली. यंत्रं राहिली, मॅडम गेली. लॅबची किल्ली माझ्याकडे आली, कारण हेडसरांच्या मते गणिताची बाई हिशेबी असते. पहिलं वर्षभर मी ती किल्ली फक्त सांभाळली. यूपीएस मधूनच कण्हायचा, तेवढाच काय तो लॅबमधला आवाज.

केरळची गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळली तेव्हा हळहळ वाटली. तिथे 2001मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प निघाला. त्यांनी शिकवायला माणसं बाहेरून आणली नाहीत. शाळेतलेच गणिताचे, विज्ञानाचे, भाषेचे शिक्षक निवडले, त्यांना तयार केलं, त्यांच्यातलेच पुढे जिल्ह्यात इतरांना शिकवणारे झाले. प्रत्येक शाळेत संगणकाची जबाबदारी घेतलेला एक शिक्षक, तोही पटावरचाच. सॉफ्टवेअर मोफत, लिनक्सवरचं, मल्याळममधलं, त्यामुळे दर वर्षी परवान्याची भीक मागणं नाही. दहावीला आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा, म्हणजे लॅब उघडणं भागच. 2018पासून तर 'लिटल काइट्स' नावाने शाळाशाळांत मुलांचेच क्लब आहेत. यंत्रं तिकडेही जुनी होत असतील, बंद पडत असतील. पण शिकलेलं माणूस कंत्राटाबरोबर निघून गेलं नाही. आपल्याकडे दहा वर्षांत जे ज्ञान शाळेत साठायला हवं होतं ते स्कूटीवरून परत गेलं.

असो. तर किल्ली माझ्याकडे. दहापैकी चार यंत्रं सुरू होत होती. कार्यानुभवाच्या दोन तासिका मिळवल्या आणि ठरवलं की पहिला प्रोग्रॅम आपल्या घरचाच घ्यायचा, बाराचा पाढा. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तीन-चार ओळींचं काम. घरी बसून रेंज, म्हणजे आकडे कुठून कुठवर, आणि कंसात 1 आणि 10, असं वहीत लिहून आणलं होतं. वर्गासमोर चालवलं. पडद्यावर 12, 24, 36 असं सरसर आलं आणि 108वर थांबलं. 120 आलाच नाही.

चाळीस मुलं माझ्याकडे बघतायत आणि मी पडद्याकडे. अठरा वर्षं पाढे शिकवलेली बाई, आणि तिचा पाढा नवावर अडकलेला. मागच्या बाकावरचा एक, ज्याला गणितात मी कधी पस्तीसच्या वर गुण दिले नव्हते, तो म्हणाला, "बाई, 10च्या जागी 11 टाकून बघा." टाकले. 120 आला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्याच क्षणी पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "पण बाई, असं का?"

गणिताच्या तासाला मी 'माहीत नाही' हे शब्द अठरा वर्षांत उच्चारले नव्हते. गरजच पडली नव्हती, गणिताच्या पुस्तकात उत्तरं मागे असतात. त्या दिवशी म्हणाले, "मला माहीत नाही. उद्या विचारून सांगते." जीभ जड झाली होती. वाटलं, आता हे घरी जाऊन सांगणार. सांगितलंच त्यांनी. पण वर्गात कुणी हसलं नाही.

रात्री लॅबच्या त्या जुन्या मॅडमला फोन लावला. तोवर तिचं लग्न होऊन ती पुण्याला गेली होती, नोकरी कॉम्प्युटरशी संबंध नसलेली. म्हणाली, "बाई, तो दुसरा आकडा म्हणजे कुंपण समजा. कुंपणापर्यंत चालत जायचं, कुंपणावर पाय द्यायचा नाही." मग कुकर झाला म्हणून फोन ठेवला. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात जे झालं नाही ते दीड मिनिटात झालं, कारण या वेळी प्रश्न माझा होता.

पुढची दोन वर्षं हेच चाललं. दर रविवारी फोन. मी कॉम्प्युटर शिकले ते असं, त्यामुळे 'कुठे' या प्रश्नाला गावाचं किंवा संस्थेचं नाव सांगता येत नाही.

विजेचं आमच्याकडे काही खरं नसतं, म्हणून यंत्राविना शिकवण्याकडे वळले आणि तिथे मला गंमत सापडली. एसीएम इंडिया या संगणकक्षेत्रातल्या लोकांच्या संघटनेने 2016मध्ये सीएसपाठशाला नावाचा उपक्रम सुरू केला, त्यातला बराचसा भाग कागद-पेन्सिल आणि मैदानावरचा आहे. मी त्यावरून आमच्यापुरता एक तास बेतला. प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे उभी राहतात. पीटीचे सर नजरेनेच लावून टाकतात. मी आठ जणांना कसंही उभं केलं आणि नियम घातला, की लांबचं बघायचं नाही, फक्त शेजाऱ्याशी उंची ताडायची, आपण उंच असलो तर जागा बदलायची. डावीकडून उजवीकडे अशी एक फेरी झाली की परत सुरुवातीपासून. किती वेळा ताडलं ते एकाने पाटीवर मोजायचं. एका फेरीत 7, सात फेऱ्या, म्हणजे 49. मुलं वैतागली. चौथ्या फेरीला टोकावरची सगळ्यांत उंच मुलगी म्हणाली, "बाई, मी पहिल्याच फेरीत इथे आले. आता मला कशाला विचारता परत परत?"

मग तिला सोडलं. पुढच्या फेरीत तिच्या शेजारच्याला सोडलं. सात, सहा, पाच करत एकापर्यंत बेरीज केली तर 28. मोजणारा ओरडला, "निम्म्यावर आलं जवळजवळ!" तेवढ्यात आणखी एकाचं, "एखाद्या फेरीत कुणीच हललं नाही तर थांबायचं की!" याला बबल सॉर्ट म्हणतात, इंजिनीअरिंगला गेलेली मुलं ते कॉलेजात शिकतात, हे मी त्यांना नंतर सांगितलं. आणि हीच बेरीज दहावीला अंकगणिती श्रेढीत भेटणार आहे हेही, कारण शेवटी मी गणिताची. त्या तासाला लॅबला कुलूप होतं.

याच कारणाने बेब्रासही आवडतं. लिथुआनियात 2004मध्ये सुरू झालेली ही विचारकोड्यांची स्पर्धा आहे, बेब्रास म्हणजे त्यांच्या भाषेत बीव्हर, तो ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. भारतात ती मराठीतूनही देता येते. प्रोग्रॅमिंग येत असण्याची अट नाही.

एक दुःख मात्र सांगायलाच हवं. शाळेत कॉम्प्युटर येणारा शिक्षक म्हणजे फुकटचा क्लार्क. यूडायस, म्हणजे सरकारकडे जाणारी शाळेची सगळी माहिती, भरा, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरा, आधार जुळवा, सर्व्हर रात्री चालतो तर रात्री बसा. 2023-24च्या यूडायस अहवालानुसार देशातल्या 57.2 टक्के शाळांत संगणक होते. त्या आकड्यासाठी माहिती भरणाऱ्या हजारो बोटांमधली दहा माझी. पण त्यातल्या किती ठिकाणी कुणी शिकवतंय ते त्या आकड्यातून कळत नाही, आणि निदान आमच्याकडे तरी ती माहिती भरायच्या दिवसांत शिकवणंच बंद असतं.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचे उपक्रम आहेत आणि शिक्षकांना दर वर्षी किमान 50 तास प्रशिक्षणही आहे. तास कमी नाहीत. पण मला विचाराल तर ते 50 तास सलग नकोत आणि हॉलमध्ये तर नकोतच. महिन्याला चार तास द्या, माझ्याच वर्गात, माझ्याच बंद पडलेल्या यंत्रांसमोर, आणि पुढच्या महिन्यात तेच माणूस परत येऊ द्या. इंग्लंडसारख्या देशानेही 2014मध्ये अभ्यासक्रम आधी बदलला आणि शिक्षक घडवायचा 8.4 कोटी पौंडांचा कार्यक्रम सुरू केला तो 2018मध्ये. मधली चार वर्षं तिथल्या बायांनी कुणाला फोन केले असतील कोण जाणे.

त्या पालकांना मी सांगितलं, क्लास लावायचा तर लावा, पण आधी तिथे विचारा की मुलाला एरर आली तर मास्तर काय करतात. स्वतः कीबोर्ड ओढून दुरुस्त करून देत असतील तर पैसे वाचवा.

सुतळीची वही आता चौथी चालू आहे. गेल्या वर्षापासून हिंदीचे सर लॅबमध्ये येऊन बसतात. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. "पंख्याखाली बरं वाटतं" म्हणतात. मी काही बोलत नाही. परवा वही चाळताना मुलांच्या गिचमिडीत एक वळणदार, शिरोरेघ न सोडणारं अक्षर दिसलं. डावीकडे इंग्रजी ओळ जशीच्या तशी उतरवलेली. उजवीकडे: 'कंस उघडला होता, मिटवायचा राहिला. तीन वेळा.'