मायच्या गुडघ्यासाठी सीबीडी तेल शोधलं तेव्हाचा माझा अनुभव

माझं अमळनेरला किराणा दुकान आहे, तेल विकण्यात जन्म गेला, तरी एका ३० मिलीच्या बाटलीने मला येडं बनवलं, म्हणून लिहितोय.

माझी माय ६७ वर्षांची. आठ वर्षांपूर्वी नाशिकला हार्टचा व्हॉल्व्ह बदलला, तेव्हापासून रोज रात्री वॉरफेरिनची गोळी, रक्त पातळ राहायला. गुडघे पार गेलेत. आणि वॉरफेरिन चालू असलं की दुखायच्या नेहमीच्या बऱ्याचशा गोळ्या चालत नाहीत, पोटात रक्तस्राव व्हायची भीती, डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. रात्री ती कण्हते ते मला बाजूच्या खोलीत ऐकू येतं. मग पुण्याचा आतेभाऊ फोनवर बोलला की सीबीडी तेल बघ, भांगेच्या झाडापासून काढतात, नशा होत नाही, आणि नॅचरल आहे म्हणे.

आधी तर मी घाबरलोच. शिरपूरकडे गांजाच्या शेतीवर धाड पडली ही बातमी आपल्याकडे पेपरात अधूनमधून असतेच, उद्या माझ्या दुकानात पार्सल यायचं आणि मागून पोलीस. दोन-तीन रात्री वाचत बसलो तेव्हा जरा उमगलं. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे नशेच्या पदार्थांवरच्या कायद्यात, गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ, नुसती पानं आणि बी त्यात धरलेलं नाही. त्यामुळे पानांचा अर्क 'विजया' या जुन्या नावाने आयुर्वेदिक औषध म्हणून लायसन्सवर विकतात, आणि बियांचं तेल २०२१ पासून एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, खाण्याच्या वस्तूंत घेतलंय. परदेशी साइटवरून काही मागवायचं नाही हे तेव्हाच ठरवलं, तिकडचं बहुतेक फुलांपासूनचं, आणि कस्टममध्ये अडकलं तर पार्सलवर नाव-पत्ता आपला.

एवढं वाचूनही पहिली ऑर्डर चुकलीच. एका मोठ्या शॉपिंग ॲपवर 'हेम्प ऑइल ३०,००० एमजी' (हेम्प म्हणजे हेच भांगेचं झाड), ३० मिली, ५९९ रुपये, झाडाच्या पानाचा फोटो, हजारभर लोकांचे स्टार. मागवलं. बाटली गल्ल्यावर ठेवून बघत होतो आणि डोक्यात ट्यूब पेटली. किराणावाल्याला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल की एक लिटर तेलाच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं. मग ३० मिली म्हणजे २७ ग्रॅम आणि थोडं, म्हणजे साधारण २७,३०० मिलिग्रॅम. अख्ख्या बाटलीचं तेल तेवढं, आणि बाहेर लिहिलंय ३०,०००! मागे बारीक अक्षरात होतं 'हेम्प सीड ऑइल'. म्हणजे जवसाच्या तेलाचा भाऊ, औषध नाहीच. बियांपासूनच्या खाद्यपदार्थात सीबीडी किलोला ७५ मिलिग्रॅमच्या वर नको असा नियम आहे, त्या हिशोबाने या बाटलीत जास्तीत जास्त दोन मिलिग्रॅम. दोन!

मायने वास घेतला आणि बोलली, "हाई काय शे रे पोऱ्या, गांजा ते नही ना?" मी म्हटलं नाही, खायचं तेल आहे. मग तिने कळण्याच्या भाकरीवर ओतून बघितलं. "जवसनं बरं यानापेक्षा," एवढाच निकाल.

दुसऱ्या वेळी विजयावाली कंपनी बघितली. तिथे आधी डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलावं लागतं आणि चिठ्ठी मिळाल्यावरच माल येतो, ही पद्धत चांगली वाटली. बोलणं झालं चार मिनिटं. वय किती, दुखतं कुठे, झोप येते का, बस. तिकडून चिठ्ठी आली, पेमेंटची लिंक पण आली. माय दुसरी कोणती गोळी घेते हे कोणी विचारलंच नाही, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही तोंडातून निघालं नाही, मला वाटलं गुडघ्याचा आणि हार्टचा काय संबंध.

पैसे भरायच्या आधी मी बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो आणि लॅब रिपोर्ट मागितला, कारण ३०,००० चं दुखणं ताजं होतं. एक वाचलेलं पण डोक्यात बसलं होतं, अमेरिकेत ऑनलाइन घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं तपासली होती, २०१७ ला जामा मासिकात छापून आलं, त्यात लेबलवरचा आकडा बरोबर निघाला फक्त २६ चा आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं, टीएचसी म्हणजे नशेचा भाग. तिकडे ही गत. यांचा रिपोर्ट आला तर त्यावर बॅच नंबर वेगळाच, बाटलीवर वेगळा. मी म्हटलं साहेब हा रिपोर्ट या मालाचा नाही. दोन दिवसांनी बरोबर बॅचचा आला, त्यात सीबीडी किती, टीएचसी किती, शिसं-पारा-आर्सेनिक, कीटकनाशकं सगळं होतं. हे धातू बघायचे कारण हे झाड जमिनीतलं शिसं वगैरे ओढून घेतं. अजून एक गंमत, समोर मोठ्या अक्षरात '१००० एमजी' होतं ते अर्काचं वजन होतं. त्यात सीबीडी जवळपास निम्मं आणि बाकी टीएचसी पण बऱ्यापैकी. म्हणजे 'नशा होत नाही' हे आतेभावाचं वाक्य या बाटलीला लागूच नव्हतं, ६७ वर्षांची बाई रात्री चक्कर येऊन मोरीत पडली असती. ते सोडलं.

शेवटी धुळ्याला एक वैद्य आहेत, दुकानाच्या ओळखीतले, त्यांच्याकडे मायला घेऊन गेलो. त्यांनी गुडघा बघायच्या आधी म्हटलं, सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता. वॉरफेरिनची स्ट्रिप उचलली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, लिव्हर ज्या रस्त्याने ही गोळी शरीरातून काढतं तोच रस्ता सीबीडी अडवतं, गोळी तुंबते, रक्त हवं त्यापेक्षा पातळ होतं, आधी जळगावच्या हार्टवाल्या डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं, गुडघ्याला याने फरक पडतो याला मोठा पुरावा नाही म्हणाले, पण मायची झोप बघून बोलले की करायचंच असेल तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ती तपासणी, करा, मग सुरू करा, आठवड्याने परत करा, नाहीतर नका करू.

मग वैद्यांनी सुचवलेली जवळपास टीएचसी नसलेली बाटली घेतली. 'आयुर्वेदिक औषध', लायसन्स नंबर, बॅच, एक्स्पायरी, 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे' अशी इंग्रजी-हिंदी सूचना, सगळं जागेवर. २,६०० रुपये. रात्री मोजून थेंब, जिभेखाली. आयएनआर सुरू करताना २.७. आठव्या दिवशी ३.९, आणि डॉक्टरांनी सांगितलेली हद्द ३.५. त्याच दिवशी बंद. दहा-बारा दिवसांनी परत जागेवर आलं. झोप जरा लागत होती एवढं खरं, गुडघा जसाच्या तसा. आता सकाळी शेक आणि फिजिओवाल्याचे व्यायाम, कुरकुरत का होईना करते.

बाटली जवळजवळ भरलेली कपाटात पडून आहे. परवा चाळीसगावच्या मावशीचा फोन, "तुम्ही वापरत नही ते माले दी दे." मी म्हटलं मावशी, ती चिठ्ठी मायच्या नावाची आहे, आणि आधी सांग तू कोणत्या गोळ्या घेतेस. ती बोलली काहीच नाही घेत. रात्री व्हॉट्सॲपवर फोटो आले, स्टीलच्या ताटात मांडलेल्या पाच स्ट्रिपा. वैद्यांना पाठवून दिल्यात.