डासासारखा आवाज

सोमवार, रात्री

एका अंध विद्यार्थिनीसाठी मी तिच्या अभ्यासाचं पुस्तक वाचून रेकॉर्ड करते आहे. सतरावं प्रकरण पाठवून दोन दिवस झाले. आज तिचा निरोप आला. "काकू, वाचन नेहमीसारखंच छान आहे. पण मागे डास गुणगुणतोय का? मी दुप्पट वेगाने ऐकते ना, तेव्हा फार टोचतो."

हेडफोन लावून तेच प्रकरण तीनदा ऐकलं. बारीक खरखर जाणवली, डास काही सापडला नाही. मग 20 हर्ट्झपासून चढत जाणारा सूर वाजवून पाहिला. 11,000 च्या जरा पुढे गेल्यावर माझ्यासाठी सगळं शांत झालं. वयाबरोबर आधी वरचे सूर जातात हे ठाऊक होतं, पण ती रेघ नेमकी कुठे आहे हे आज कळलं. ती वीस वर्षांची आहे, दृष्टी नसल्यामुळे सगळा अभ्यास कानांनी करते. तिला जे ऐकू येतं ते मला येत नाही, एवढं धरूनच चालायला हवं.

माइकचा आवाज संगणकात घेणारं माझं साउंड कार्ड 2006 सालचं आहे. बदलायचं का, हा प्रश्न गेली दोन वर्षं मी पुढे ढकलते आहे. "मला तर ठीक ऐकू येतंय" या उत्तरावर.

मंगळवार

आज मोजायचं ठरवलं. मोजायला काय घ्यावं याचा विचार करताना लक्षात आलं की माझ्याकडे जुन्या शांततेचा साठा आहे! प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मी दोन-तीन सेकंद काही न बोलता थांबते, पहिल्या पुस्तकापासूनची सवय. 2009 ची एक फाइल काढली आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त तेवढा तुकडा निवडून पातळी पाहिली. उणे 67 डेसिबेल (आकडा शून्याच्या जितका खाली, तितकी शांतता जास्त). सतराव्या प्रकरणातला तसाच तुकडा उणे 53. बोलण्याच्या आवाजाची सरासरी दोन्हीकडे उणे 20 च्या आसपास, माइक तोच, खोली तीच, वेळही रात्रीचीच. म्हणजे तुलना रास्त आहे. चौदा डेसिबेलचा फरक म्हणजे नको असलेल्या आवाजाचा दाब पाचपट झालाय.

ऑडिओबुकांसाठी एसीएक्स या ऑडिबलच्या मंचाची अट अशी आहे की शांतता उणे 60 च्या खाली हवी. मी विकण्यासाठी वाचत नाही, पण अभ्यासासाठी ऐकणाऱ्याला त्याहून कमी का मिळावं?

दोष खोलीचा की कार्डाचा, हेही पाहिलं. माइकची पिन काढली आणि त्या जागी आतून तारा जोडून टाकलेली एक रिकामी पिन खुपसली, म्हणजे मोकळं भोक भलतंच काही पकडणार नाही. उणे 55. म्हणजे दोष बहुतेक कार्डाचाच.

आलेखात डासही दिसला. 1000 हर्ट्झवर एक उभी रेघ, मग 2000, 3000, अशा थेट पंधरा हजारांपर्यंत. यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे एक ठोका, निघते, सेकंदाला बरोबर हजार. माउसची वायर उपटली आणि पुन्हा रेकॉर्ड केलं, तर रेघा गायब! माझा कीबोर्ड जुन्या गोल पिनेचा, त्यामुळे यूएसबीवर दुसरं काही उरलंच नव्हतं. ही गुणगुण पूर्वीही आत असणार, पण कार्डावरचे कपॅसिटर, म्हणजे विजेतले चढउतार गाळणारे छोटे भाग, ती गाळून टाकत होते. आता त्यांना ते जमत नाही.

बुधवार

कॅबिनेट उघडून कार्ड बाहेर काढलं. धूळ झटकून दिव्याखाली धरलं. एकाही कपॅसिटरचं डोकं फुगलेलं नाही, द्रव गळल्याचा डाग नाही. पण न फुगताही ते आतून सुकत जातात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो, तो वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो, अंतर्गत रोध वाढतो आणि गाळण्याचं काम ढिलं पडतं. त्यांच्यावर 105 अंश लिहिलेलं असतं, आणि त्या तापमानाला आयुष्य एक-दोन हजार तासांचंच धरतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून तर आजवर टिकले. पण हे कार्ड ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खालच्या स्लॉटमध्ये बसतं. त्याच्या वाट्याला गारवा कधी आलाच नाही.

संगणक थंड असताना पहिली दहा-पंधरा मिनिटं डाव्या बाजूला कडकड येते आणि नंतर जाते, त्याचाही उलगडा झाला. सुकत आलेला कपॅसिटर गारठ्यात जास्त अडतो, ऊब मिळाली की थोडा सुधारतो. मी मात्र इतके दिवस पिनेला दोष देत होते.

कपॅसिटर बदलता येतात. सोल्डरिंग करणारा हात बसलेला असेल तर संध्याकाळभराचं काम. माझा हात बसलेला नाही. कुणाकडून करून घेतलं तरी कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या जुन्या प्रकारच्या खाचेत बसणारं, आहे. पीसीआय 1992 चं, त्याची जागा घेणारं पीसीआय एक्स्प्रेस 2003 पासून आहे, आणि आताच्या मदरबोर्डवर जुना स्लॉट क्वचितच दिसतो. हा संगणक गेला की दुरुस्त केलेलं कार्डही निराधार.

मदरबोर्डवरचा माइकचा इनपुटही तपासला. उणे 50. तो विषय तिथेच संपला.

गुरुवार

सॉफ्टवेअरने आवाज पुसून पाहिला, कारण तो मोफतचा उपाय. शांततेचा नमुना दिला आणि बाकीच्यातून वजा करायला सांगितलं. आकडा सुंदर आला, उणे 70 च्याही खाली. पण वाचन ऐकलं आणि जीव खट्टू झाला. श्वास पाण्याखालून आल्यासारखे. "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे जिवंत राहा, या दोन ज मधला फरक वरच्या सुरांतच असतो, आणि तोच पुसट झालेला. चाक आणि चार यांतल्या च चं तसंच. मानसशास्त्राचं पुस्तक आहे, जगणं हा शब्द पानोपानी येतो. तो शब्द गढूळ करून मी पाठवणार नाही.

म्हणजे बदलायचंच. आणि कार्डाच्या जागी कार्ड नको, कॅबिनेटच्या बाहेर बसणारा यूएसबी इंटरफेस हवा, म्हणजे माइकचा आवाज संगणकात पोचवणारी छोटी पेटी. आवाजाचा नाजूक भाग त्या सगळ्या विजेच्या गोंधळापासून दूर राहील आणि उद्या संगणक बदलला तरी तोच चालेल. एक गोष्ट मात्र आधी माझ्या लक्षातून सुटली होती. माझा माइक साध्या 3.5 मिलिमीटर पिनेचा आहे, कार्ड त्याच पिनेतून त्याला दोन-तीन व्होल्ट पुरवतं. इंटरफेसच्या माइकच्या तोंडाला एक्सएलआर ही तीन टोकांची जाड पिन लागते, आणि कंडेन्सर माइकला 48 व्होल्ट. कार्ड बदलायचं म्हणजे माइकही बदलायचा, आणि मग आवाजाचा पोतच बदलणार. सतरा प्रकरणं एका आवाजात, उरलेली सहा दुसऱ्या. सलग ऐकताना तो सांधा तिला नक्की खटकेल. सगळं पुन्हा वाचायला तिच्या परीक्षेआधी वेळ नाही.

शुक्रवार, उशिरा

ठरलं. हे पुस्तक याच कार्डावर पूर्ण करायचं, नवा इंटरफेस आणि माइक पुढच्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून.

सतरावं प्रकरण आज नव्याने वाचलं. आधी संगणक पाऊण तास चालू ठेवला, कार्डाला ऊब यावी म्हणून. माउस काढून ठेवला. माइक चार बोटं जवळ घेतला आणि गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण, तेवढा खाली केला. रेकॉर्डिंग कीबोर्डवरूनच सुरू केलं, पुस्तक पडद्यावर न ठेवता कागदावर छापून घेतलं. सुरुवातीची शांतता मोजली तर उणे 61. जुन्या दिवसांसारखी नाही, पण साठच्या खाली गेली.

तिला पाठवून दिलं. जेमतेम तासाभरात उत्तर आलं, "डास गेला. पण काकू, तिसऱ्या पानावर तुम्ही दमल्यासारख्या वाटता."

तिसरं पान उद्या सकाळी पुन्हा वाचते.