फायरवॉलमधलं एक भोक

जो पत्रा इंजिनाच्या आगीपासून आपल्याला वाचवणार, त्यालाच आपल्या हाताने भोक पाडायचं, हे काम मनाला पटायला वेळ लागतो. पण टाक्या पंखात आणि इंजिन नाकात असेल, तर इंधन फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला हा पत्रा, ओलांडूनच जाणार. मी स्वतः बांधत असलेल्या आरव्ही-९ए विमानात ते दोन्ही पंखांतून सीटांच्या मधल्या, टाकी निवडायच्या व्हॉल्व्हकडे येतं, तिथून विजेवरच्या पंपातून पुढे फायरवॉलपाशी, आणि पलीकडे लायकॉमिंगच्या १६० अश्वशक्तीच्या ओ-३२० इंजिनाला. गेल्या काही शनिवार-रविवारी मी याच एका जागेवर काम करत होते.

इथे अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानाला कारखान्यातल्या विमानांचे प्रमाणन-नियम लागत नाहीत. निम्म्याहून जास्त काम शिकण्यासाठी, हौसेसाठी केलेलं आहे हे दाखवावं लागतं आणि उड्डाणाआधी तपासणी होते. फायरवॉलमधून जाणारं फिटिंग, म्हणजे दोन्हीकडच्या नळ्या जोडणारा तुकडा, कोणत्या धातूचं असावं, हे मात्र बांधणाऱ्यावर सोडलेलं आहे. म्हणूनच मी लहान विमानांसाठीचे एफएएचे (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचे) जुने नियम, २०१७ च्या बदलाआधीचा भाग २३, काढून वाचले. त्यात फायरवॉलसाठी ०.०१५ इंच जाडीचा स्टेनलेस पत्रा चाचणीशिवाय चालतो. एवढा पातळ पत्रा का चालतो? कारण अग्निरोधक म्हणजे सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या ज्वाळेसमोर १५ मिनिटं टिकणारं, आणि स्टेनलेस तेवढं टिकतं. त्याच नियमात फायरवॉलच्या फिटिंगसाठी पोलाद किंवा तांब्याचे मिश्रधातू सांगितले आहेत. अॅल्युमिनियमचं नाव त्या यादीत नाही.

आणि बाजारात सगळ्यात सहज मिळतं ते निळं, अॅनोडाइज केलेलं अॅल्युमिनियमचं फिटिंग. हलकं असतं, दिसतंही छान. पण शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याचे मिश्रधातू त्याहूनही आधी. इंजिनाकडे आग लागली तर पत्रा उभा राहील आणि भोकातला तुकडा वितळून जाईल. मग अलीकडची नळी थेट त्या आगीवर उघडते, आणि भोकाच्या अलीकडे पायलटचे पाय असतात. पोलादी फिटिंगने वजन वाढतं ते काही ग्रॅमच. इतर ठिकाणी ग्रॅम वाचवायला मी तासन् तास घालवले आहेत, पण इथे वजनाचा विचार करायचाच नाही असं ठरवलं. बल्कहेड एल्बो (पत्र्यातून आरपार जाणारं कोनातलं फिटिंग) पोलादी, नट पोलादी, वॉशर पोलादी.

सहा नंबरच्या एएन (विमानांसाठीच्या प्रमाण मापाच्या) फिटिंगला ९/१६ इंचाचं भोक लागतं. स्टेनलेसला घाईने ड्रिल लावलं की ते जागच्या जागी कडक होतं आणि मग ड्रिल नुसतंच घासत राहतं. वेग अगदी कमी, तेल भरपूर आणि दाब एकसारखा ठेवला की स्टेप ड्रिलने पत्रा नीट कापला जातो. कडा कानशीने साफ केल्या. एवढ्या पातळ पत्र्यावर एल्बोचा भार नको म्हणून मागून स्टेनलेसचाच एक तुकडा रिव्हेट करून जोड दिला. भोकाभोवतीची फट बंद करायला आगीत फुगणारं सीलंट वापरलं, आणि तेही इंजिनाच्या बाजूने.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहिल्या: एक्झॉस्टच्या पाइपापासून लांब, बॅटरीच्या जाड केबलच्या खाली आणि पाना फिरवायला हात पोहोचेल अशी. केबल नेहमी वर, इंधन खाली. थेंब पडलाच तर तो तारेवर पडता कामा नये. एक्झॉस्टचं अंतर फक्त आगीसाठी नाही. नळी तापली की आतल्या इंधनाची वाफ होते, पंप त्या वाफेवर अडतो आणि इंजिन उपाशी राहतं.

केबिनच्या बाजूची ३/८ इंचाची अॅल्युमिनियम नळी वाकवताना बाबांशी रोज बोलणं व्हायचं. बाबा ओझरला एचएएलमध्ये होते, मिगच्या हायड्रॉलिक नळ्यांवर त्यांचे हात बसलेले. व्हिडिओवर त्यांनी माझी नळी पाहिली आणि लगेच म्हणाले, "नट फिरवून नळी ओढून घ्यायची नाही. नळी आधी आपणहून जागेवर येऊन बसली पाहिजे, नट फक्त धरून ठेवायला." नट सोडून ठेवला तरी फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरवलेलं तोंड, फिटिंगच्या कोनावर सरळ बसेल, इथपर्यंत मी ती वाकवत राहिले. ताण देऊन बसवलेली नळी कंपनाने फ्लेअरपाशीच तडकते. फ्लेअर ३७ अंशांचा हवा. मोटारीच्या दुकानातलं हत्यार ४५ अंशांचं असतं, ते इथे चालत नाही. फ्लेअरच्या जोडावर टेफ्लॉन टेपही नको, कारण त्याचे तुकडे सुटून कार्ब्युरेटरपर्यंत जातात.

फायरवॉलच्या पुढे कडक नळी अजिबात नाही. सुरू होताना आणि बंद होताना इंजिन रबरी माउंटवर चांगलंच हलतं, म्हणून तिथे टेफ्लॉनचा, स्टीलच्या जाळीचा होज, वरून अग्निरोधक बाही, आणि थोडी सैल लांबी.

इंधन कॉकपिटमध्ये आणूच नये, व्हॉल्व्हही मागे किंवा पुढे ढकलावा, असं काही जण सांगतात. मला ते मान्य नाही. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात माँटेरेजवळ अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर लाँग-ईझी या हौशी बांधणीच्या विमानाच्या अपघातात गेले. ते विमान बांधणाऱ्याने नेमक्या याच विचाराने व्हॉल्व्ह मूळ नकाशातल्या जागेवरून हलवला होता आणि त्याचा दांडा पायलटच्या डाव्या खांद्यामागे आला होता. टाकी बदलायला मागे वळताना उजवं रडर (विमान वळवणारं पायातलं पेडल) दाबलं जाऊन विमानावरचा ताबा सुटला, असं अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने नोंदवलं. दांड्याची अवघड जागा हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होतं. एक धोका कमी करताना दुसरा, त्याहून मोठा, कसा तयार होतो हे त्या अहवालात स्वच्छ दिसतं. म्हणून माझा व्हॉल्व्ह नकाशाप्रमाणे सीटांच्या मध्येच आहे, डोळे मिटून हात जाईल तिथे. मी फक्त धातू बदलला, मार्ग नाही.

आता प्रवाहाची चाचणी राहिली आहे. पंख लागले की शेपूट खाली घेऊन नाक चढाईच्या कोनात ठेवायचं, कार्ब्युरेटरपाशी होज सोडायचा आणि पंप चालवून इंधन मापाच्या डब्यात घ्यायचं. टेक-ऑफला हे इंजिन ताशी साधारण ५५ लिटर घेतं. पंपाच्या प्रणालीला त्याच्या १२५ टक्के प्रवाह हवा, म्हणजे ताशी ७० लिटरच्या आसपास. दोन्ही टाक्यांची मोजणी वेगळी करायची, आणि तीही टाकीत थोडंच इंधन असताना, कारण अडचण तेव्हाच कळते. आकडा कमी आला तर आधी फिल्टर बघेन, मग फायरवॉलपासून मागे एकेक जोड उघडून.